राखलेला विस्तव

आत्या राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत वाढली आणि नाना, म्हणजे तिचे यजमान, वाईजवळच्या एका खेड्यात. दोघांच्याही लहानपणी एकेक न विझणारा विस्तव होता. गावच्या देवळातल्या नंदादीपाला तेल घालायचं काम नानांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. रात्री जेवणं झाली की वडील पुढे आणि तेलाची बुधली सांभाळत नाना मागे, असे दोघं देवळात जात. काजळी झाडायची, वात पुढे सरकवायची, तेल घालायचं आणि ज्योत स्थिर झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही. आत्याच्या घरी आजी रात्री चुलीतले निखारे राखेखाली पुरून ठेवायची. पहाटे राख सारली की आत लाल डोळा दिसायचा. त्यावर सोडणाचा काथ्या ठेवून दोन फुंकरी मारल्या की चूल पेटली.

चाळीस वर्षांच्या संसारात या दोन विस्तवांची गाठ कधी पडली नव्हती. ती पडली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या लान्सिंगजवळच्या एका घराच्या तळघरात.

२०१३ च्या जुलैत दोघं लेकीकडे सहा महिने राहायला गेली. माझ्या आतेबहिणीने ते घर नुकतंच घेतलं होतं. घर १९५० च्या दशकात बांधलेलं, आणि तळघरातली फर्नेस १९७० च्या दशकात बसवलेली. फर्नेस म्हणजे तिकडच्या घराचा बंबच म्हणा. फक्त हा बंब पाण्याऐवजी हवा तापवतो आणि ती पंख्याच्या जोराने, पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पोचवतो.

पहिले काही दिवस नानांना रात्री झोप लागेना. दिवसरात्र उलटी झालेली. एकदा दोनच्या सुमारास ते पाय मोकळे करायला तळघरात उतरले. दिवा लावायच्या आधीच त्यांना अंधारात, फर्नेसच्या पत्र्याच्या फटीतून, निळसर उजेड दिसला. गुडघ्यावर बसून त्यांनी आत डोकावलं. बोटाच्या पेराएवढी एक ज्योत एकटीच जळत होती. सगळं घर झोपलेलं, यंत्र थंडगार, आणि ही जागी.

नाना आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत आलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला हाताला धरून खाली नेलं. "हा पायलट. वरच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने 'घर गार झालं' अशी हाक दिली की मोठ्या बर्नरमध्ये गॅस सुटतो आणि ही ज्योत तो पेटवते. तोवर हिने नुसतं जागं राहायचं."

"आणि विझली तर? गॅस घरभर होईल ना?"

नानांना हाच प्रश्न हवा होता. ज्योतीत एक बारीक तांब्याची नळी, म्हणजे थर्मोकपल, टोक खुपसून बसली होती. त्या टोकाशी दोन वेगळे धातू जोडलेले असतात. जोड तापला की त्यातून वीज निघते, फार तर तीस मिलिव्होल्ट. १८२१ मध्ये सेबेक या जर्मन शास्त्रज्ञाच्या नजरेला हा परिणाम पडला. तेवढ्याशा विजेवर एक इवलासा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली तर टोक निवतं, वीज थांबते आणि झडप आपोआप मिटते. "म्हणजे ही ज्योत स्वतःची राखण स्वतःच करते," नाना म्हणाले. त्या दिवसापासून ते तिला नंदादीप म्हणू लागले.

त्यांचं हे भारावणं मला पूर्ण पटतं. बाहेरची वीज नाही, पाते नाही, चक्र नाही, आणि तरी कोट्यवधी घरांना अनेक दशकं सुरक्षित ठेवणारी ती तांब्याची काडी हे माणसाच्या बुद्धीचं एक सुंदर काम आहे.

आत्याला ती ज्योत दिसली ती कपडे धुताना. धुण्याचं यंत्रही तळघरातच होतं.

"अहो, हे जुलैत कशाला जळतंय?"

"तयारीत आहे ते. थंडी पडली की लागेल."

"थंडी ऑक्टोबरात पडेल. वर लेक घर गार करायचं यंत्र लावून बसलीय, आणि खाली हे तापवतंय."

"अगं, तुझी आजी नव्हती का विस्तव राखत?"

आत्याच्या हातात पिळलेली चादर होती. ती तशीच धरून ती थोडा वेळ ज्योतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी विस्तव राखायची तो काडी वाचवायला. पावसात काड्यापेटी सर्दायची, गूल झडायचं आणि वाण्याचं दुकान नदीपलीकडे. शिवाय राखेत पुरलेल्या निखाऱ्याला लाकूड घालावं लागत नाही. तो निजलेला असतो. हा निजलाय कुठे? हा तर जेवतोय."

एवढ्यावर तो विषय संपला असता, पण आत्याने संसारभर घरखर्चाची वही लिहिली आहे. बोललेलं वहीत उतरल्याशिवाय तिला चैन पडत नाही. घराबाहेर भिंतीला गॅसचा मीटर होता आणि त्यावर अर्ध्या घनफुटाची एक छोटी तबकडी. रविवारी सकाळी तिने जावयाला सांगून पाणी तापवायच्या टाकीचा गॅस बंद करवला, कारण त्या टाकीलाही असाच पायलट होता. शेगडी बंद. मग अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर वही आणि हातात मनगटी घड्याळ घेऊन ती मीटरसमोर बसली. सुई इतक्या सावकाश सरकत होती की पाहणाऱ्याला ती थांबल्यासारखीच वाटावी. एक फेरा पुरा व्हायला पंचेचाळीस मिनिटं लागली.

पाऊण तासाला अर्धा घनफूट. दिवसाला सोळा. वर्षाला पाच हजार आठशे चाळीस. तिकडे गॅसची उष्णता थर्म नावाच्या मापाने मोजतात आणि शंभर घनफुटांतून साधारण एक थर्म उष्णता मिळते. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न थर्म, आणि डॉलरात साठाच्या आतबाहेर.

"आई, महिन्याला पाच डॉलर झाले," जावई म्हणाला. "बाहेर दोन कॉफ्या घेतल्या तरी तेवढे जातात."

आत्याने नानांकडे वही सरकवली. "हे आपल्या सिलिंडरात किती होतात ते काढा."

नानांनी काढलं. आपल्या घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. एका किलोत किती उष्णता, एका थर्ममध्ये किती, असा भागाकार करत ते उत्तरापाशी आले आणि पेन्सिल थांबली. जवळजवळ नऊ.

नऊ हा आकडा त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहिणीला सांगावा लागत नव्हता. सरकारने आदल्या सप्टेंबरात सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहावर आणले होते आणि जानेवारीत ते नऊ केले होते. त्या नऊंत वर्ष कसं बसवायचं, हा पुण्यातल्या ओट्याओट्यावरचा विषय होता. कुकरमध्ये तीन डबे एकावर एक, डाळ आधी भिजवलेली, दूध उतू जायच्या आत आच बारीक. आत्याने ते सगळं केलेलं.

"म्हणजे आपल्या घराचा वर्षाचा स्वयंपाक," ती म्हणाली, "पाहुणेरावळे आणि दिवाळीचा फराळ धरून, हा एकटा खातो. आणि शिजवत काहीच नाही."

पैशाच्या हिशेबात जावई बरोबर होता. साठ डॉलरने ते घर बुडणार नव्हतं. पण बिलावर छोटी रक्कम दिसली की जळणारी वस्तूही छोटी असेल असं आपण धरून चालतो, आणि तिथे आपली फसगत होते. पेराएवढी ज्योत मोठी कधीच नसते. ती थांबत नाही, एवढंच. वर्षाचे ८,७६० तास म्हटल्यावर पेरसुद्धा डोंगर पोखरतं.

नाना मात्र हिशेबाने हलले नाहीत. "सगळं तेलाच्या भावात मोजायचं नसतं. आमच्या देवळातला दिवा मोजला असता तर एका वर्षात विझवावा लागला असता."

आत्याचं यावरचं उत्तर मी तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे. ती म्हणाली, "देवापुढचा दिवा आपण देवाला देतो. त्याच्याकडून काही काम करून घेत नाही, म्हणून त्याचा हिशेबही मागत नाही. हा कामाचा विस्तव आहे. कामाच्या विस्तवाला हिशेब लागतो. विझवा आता, ऑक्टोबरात पेटवू."

"आणि नाहीच पेटला तर?"

त्यांची खरी भीती ही होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. चाळीस वर्षांचं यंत्र. पायलट नव्याने पेटवायचा म्हणजे मूठ बंदवर नेऊन पाच मिनिटं थांबा, मग ती पायलटवर आणून दाबून धरा, लांब काडीने ज्योत लावा, थर्मोकपल तापेपर्यंत मिनिटभर तशीच दाबून ठेवा आणि मग हळूच सोडा. जुनं थर्मोकपल कधीकधी तिथेच हात टेकतं. बंद ठेवलेल्या बर्नरच्या बारीक भोकात कोळी जाळं करतात, दमटपणाने पत्रा गंजतो. लेकीलाही उगाच झंझट नको होती. ज्योत राहिली.

ऑक्टोबरात फर्नेसची तपासणी करायला माणूस आला. आत्याने लेकीकरवी त्याला सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, हिवाळ्यात पायलटची थोडी ऊब तरी घरात राहते, उन्हाळ्यात सगळीच वाया. पण पायलट ही भुरटी चोरी आहे, दरोडा चिमणीतून पडतोय. या जुन्या फर्नेसमध्ये शंभराचा गॅस जाळला तर पासष्टाचीच ऊब घराला मिळते, बाकीची धुराबरोबर आकाशात जाते. अमेरिकी काँग्रेसने १९८७ मध्ये घरगुती उपकरणांच्या ऊर्जाबचतीचा कायदा केला. त्यानुसार १९९० पासून वीजजोड असलेल्या नव्या गॅस शेगड्यांवर सतत जळणारा पायलट चालेनासा झाला, आणि १९९२ पासून नव्या फर्नेसची वार्षिक कार्यक्षमता निदान ७८ टक्के असावी असं ठरलं. तिथवर पोचायच्या धडपडीत फर्नेसमधला पायलटही मागे पडला. आता ९५ टक्क्यांच्या फर्नेस मिळतात. त्यांचा धूर इतका निवलेला असतो की तो प्लास्टिकच्या नळीतून बाहेर सोडतात. त्यांच्यात ज्योत जागती ठेवत नाहीत. हाक आली की एक काडी विजेने लालभडक होते, तिच्यावर गॅस पेटतो आणि काम झालं की सगळं विझतं.

किंमत काही हजार डॉलर. वसंत ऋतूत बघू, असं ठरलं. नानांना हायसं वाटलं.

नोव्हेंबरात थंडी वाढली तसे नाना रात्री दोनदा-तीनदा उठून खाली जाऊ लागले. ज्योत आहे ना, एवढं बघून परत येत. लाकडी जिना करकरायचा, आत्याची झोप मोडायची. एकदा ती म्हणाली, "तुम्ही त्याला राखताय, की तो तुम्हाला?"

२१ डिसेंबरच्या रात्री पाऊस आला आणि पडता पडता गोठत गेला. दक्षिण मिशिगनपासून कॅनडातल्या टोरांटोपर्यंत झाडं, तारा, खांब काचेत ओतल्यासारखे झाले. रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज येत होते, बंदुकीच्या बारासारखे. पहाटे वीज गेली.

नाना आधी तळघरात गेले. ज्योत जळत होती. त्यांनी जिन्यातून हाक मारली, "बघ गं, आहे! वीज गेली तरी ही आहे!"

त्यांचं खरं होतं. तिला विजेची गरजच नव्हती. पण मोठ्या बर्नरचा गॅस सोडणारी झडप चोवीस व्होल्टवर उघडते आणि हवा ढकलणारा पंखा घरच्या विजेवर चालतो. थर्मोस्टॅट हाक देऊ शकत नव्हता आणि दिली असती तरी पुढे कोणी ऐकणारं नव्हतं. दुपारपर्यंत घर अठरा अंशांवर आलं, रात्री बारावर, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊवर. नाना कोट घालून फर्नेससमोर बसले. झाकण काढून त्यांनी ज्योतीसमोर हात धरला. एक तळवासुद्धा धड तापेना. ज्या दिवसासाठी तिला जुलैपासून राखलं, तो दिवस आला होता, आणि ती आपली पेरभर जळत होती.

वर स्वयंपाकघरात शेगडीचं विजेवर ठिणगी पाडणारं बटण मुकं झालं होतं. आत्याने देव्हाऱ्यातली काड्यापेटी आणून काडीने बर्नर लावला आणि खिचडी टाकली. नाना म्हणाले, हाच पेटता ठेवू, निदान इथे तरी ऊब राहील. लेक ठामपणे नाही म्हणाली. बंद घरात तासन्‌तास शेगडी जाळली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतच माणूस जातो. खिचडी झाली तशी शेगडी बंद झाली.

आत्या ओट्यापाशी उभी होती. खिडकीतून समोरची ओळ दिसत होती, सगळी घरं काळोखी. फक्त रस्त्यापलीकडच्या, तिरकस समोरच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. तिथे एक वयस्कर बाई एकट्या राहत. येता-जाता हात हलवण्यापलीकडे ओळख नव्हती.

"तिथे विस्तव आहे," आत्या म्हणाली.

आणि मग, कोट चढवता चढवता, तिने लेकीला जे सांगितलं ते त्या घरात आधी कोणी ऐकलं नव्हतं. वाडीत आजीचा विस्तवही कधीकधी विझायचा. राख ओली व्हायची, मांजर उकरायचं. मग आजी नारळाची करवंटी देऊन आत्याला शेजारी पिटाळायची. शेजारीण दोन निखारे घालायची आणि काय शिजतंय म्हणून विचारायची. वाडीत अकरा घरं होती. अकराही घरांचा विस्तव एकाच रात्री विझला असं कधी झालं नाही.

करवंटीऐवजी तिच्या हातात खिचडीचा स्टीलचा डबा होता. बर्फाळ रस्ता ओलांडायला लेकीचा हात धरून तिला दहा मिनिटं लागली. दार उघडलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या बाईंनी डब्याला हात लावून तो गरम आहे हे पाहिलं आणि दोघींना आत ओढून घेतलं. आत लाकडाची लोखंडी शेगडी धडधडत होती.

पुढचे तीन दिवस दोन्ही घरं त्या शेगडीभोवती झोपली. नाना लाकडं आत आणून रचून ठेवत. नात त्या आजींकडून पत्ते शिकली. घरातल्या नळांचं पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून जावई दिवसातून दोनदा जाऊन पाणी सोडून येई. तिसऱ्या रात्री लाकूड सारताना नाना एकदम म्हणाले, "तिकडे ती अजून जळतच असेल." कोणी काही बोललं नाही. सव्वीस तारखेला संध्याकाळी वीज आली.

वसंताची वाट न बघता फर्नेस बदला, असं नानांनीच सांगितलं. ३ जानेवारीला माणसं आली. नवीन फर्नेस वीज गेल्यावर चालेल का, हे नानांनी आधी विचारलं. त्यांच्यातला एक सरळ नाही म्हणाला. हिलाही वीज लागते, फार तर छोटा जनरेटर जोडता येईल. मग नानांनी विचारलं, ती लाल होणारी काडी किती वीज खाते? अर्धा मिनिट, तीही पेटवण्यापुरती. नानांनी मनातल्या मनात हिशेब केला. एकदा पेटायला शंभर वॅटचा दिवा दोन-तीन मिनिटं जळावा इतकी.

"बंद मी करतो," ते म्हणाले. गुडघ्यावर बसून त्यांनी मूठ फिरवली. ज्योत एकदा थरथरली आणि गेली. कोणी हललं नाही. अर्ध्याएक मिनिटाने, थर्मोकपल निवल्यावर, आतला चुंबक सुटल्याचा बारीकसा 'टक्' आवाज आला. तेव्हा नाना उठले.

त्यानंतर तीनच दिवसांनी उत्तर ध्रुवाकडची थंडी अमेरिकेच्या मधल्या राज्यांवर उतरली. ६ जानेवारीच्या रात्री बाहेर पारा शून्याखाली वीसच्याही खाली गेला होता. दोन वाजता सवयीने नानांना जाग आली. जिना करकरला. तळघरात पूर्ण काळोख होता. नव्या फर्नेसच्या झाकणाला बोटभर काचेची खिडकी होती, तीही काळी. नाना तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

बराच वेळ काही नाही. मग आत कुठेतरी एक छोटा पंखा घुमला. काचेमागे अंधारात एक ठिपका तांबूस झाला, तांबडा झाला, नारिंगी झाला, राख सारल्यावर दिसणाऱ्या डोळ्यासारखा. झडप वाजली. ज्योत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली आणि तो डोळा मिटला. थोड्या वेळाने मोठा पंखा सुरू झाला आणि डोक्यावरच्या नळ्यांतून ऊब वर चढायला लागली.

नाना लगेच उठले नाहीत. घर तापेपर्यंत ते तिथेच बसून राहिले.

ते वर आले तेव्हा आत्या जागीच होती. "जळतंय ना?" तिने विचारलं.

"नाही," नाना म्हणाले, "आत्ता विझलं." आणि त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.